जोडीची गोळी

— गुण येतो का, एवढंच इचारलं न्हवं तुमी? मग बसा की. उठू नका, पंख्याखालची जागा एकदा गेली की गेली, त्या तासगावच्या बाईचा मघाधरनं डोळा हाय तिच्यावर. मी हसतूय म्हणून राग नका मानू, पाव्हणं. साताऱ्याकडनं बायकोला घेऊन मिरजेला आलात, तिला तिकडं डोस्क्याला वायरी लावाया नेलंय, तुमच्या हातात ह्यो कागद — एक गोळी चालू हाय, आता तिच्या जोडीला दुसरी — आन् ती चालती का न्हाई ते इचारताय कुणाला, तर बाकड्यावर बसलेल्या चौथी नापास म्हाताऱ्याला. डॉक्टरीणबाईंना का न्हाई इचारलं? इचारलं व्हय? मग काय म्हणल्या? 'बघू या.' झालं. एवढी शिकलेली बाई, भिंतीवर एवढ्या पाट्या, आन् शेवटाला काय, तर बघू या. बघू या तर आमच्या गावचा हॉटेलवाला बिरदेवबी म्हणतो, म्हशीच्या तोंडाकडं बघून.

मी बी इचारलं व्हतं की, सोडतोय व्हय. माझी पोरगी पल्लवी, तिच्यासाठी येतो मी. आत हाय ती आता. तर पयल्यांदा जोडीची गोळी लिवली तवा मी म्हणलं, बाई, पक्कं सांगा, थांबतंय का न्हाई. तर त्यांनी कागद घेतला आन् दहा माणसं काढली. माणसं कसली, गोवऱ्या थापल्यागत दहा गोल. म्हणल्या, आप्पासो, एका गोळीनं ज्यांचं भागलं न्हाई, अशी ही दहा जणं. ह्यांना दुसरी जोडीला दिली की चारेक जणांचे झटके निम्म्यावर येत्यात. मी म्हणलं, निम्म्यावर? महिन्याला आठ येत व्हते ते चार येणार, आन् मी पेढे वाटायचे? बरं, समदे थांबत्यात कितींचे? तर त्यांनी एका गोवरीला टिकली लावली. ती बी भीत भीत, आन् म्हणल्या, ह्यो आपला अंदाज. आन् ज्यांना कायच गुण न्हाई ती? तर त्यांच्यासाठी तिसरी गोळी हाय. वा रं वा. उसाला एक खत लागू पडलं न्हाई की दुकानदारबी असंच दुसरं पोतं काढतो, पण त्यो निदान गोवऱ्या काढत न्हाई.

आन् तरास काय व्हतो, ते? झोप येती. गरगरतं. आन् ही जी तुमच्या कागदावर हाय न्हवं — दावा — हां, हीच, आमचीबी हीच — हिनं एखाद्याची चिडचिड वाढती म्हणल्या. मी म्हणलं बाई, चिडचिड आमच्या गावात फुकट मिळती, त्येला गोळी कशाला. हसल्या न्हाईत. ह्या दवाखान्यात कुणी हसतच न्हाई, बघितलं का तुमी? त्यो केस पेपरवाला तर मयताला आल्यागत बसलेला असतो.

पण एक गोष्ट त्यांनी लय नामी सांगितली. मी इचारलं, तुमाला कसं कळतं गोळीनंच फरक पडला म्हणून? तर म्हणल्या, तपासताना थोड्या लोकांना खरी गोळी देत्यात आन् थोड्यांना नुसती दिसाया तशी. आत औषध न्हाईच. कुणाला कुठली दिली ते देणाऱ्याला ठावं नसतं आन् खाणाऱ्यालाबी. आन् खोटी खाऊनबी काही जणांचे झटके कमी व्हत्यात, आन् ऐका — खोटी खाऊन काही जणांस्नी गरगरतंबी. पाव्हणं, तवा मी असा हसलो की दारावरची मावशी आत डोकावली. आवं, जल्मभर मी लोकांस्नी फसवत आलोय. बिरदेवच्या कलपाच्या वाटीत हळद कालवली म्या, ही आपली सांगलीच्या बाजारातली पिवळीधमक — पुतण्याच्या वरातीत पिवळी मिशी पिळत फिरला त्यो, आन् समद्यांनी तोंडाला पदर लावला. पण त्येच्यासाठी मला चोरून जावं लागलं. आन् हितं? हितं लोकांची सही घेऊन फसवत्यात, वर त्येला शास्त्र म्हणत्यात. आमी आपलं उगंच खोडसाळ ठरलो.

तुमच्या मालकिणीचं कसं, पडत्यात का? न्हाई? मग आमच्या पल्लवीसारखंच दिसतंय. गप बसत्यात? हां. म्हंजे अर्ध्याच डोस्क्यात व्हतंय ते, एका कोपऱ्यात. ते लय वंगाळ बघा. आडवं पडणारं बरं. माणूस आडवं झालं की गावाला कळतं, झटका आला. मग गाव काय करतंय? एक जण कांदा फोडून नाकाला लावतो, दुसरा पायताण काढून हुंगवतो, तिसरा दातात चमचा घालाया बघतो आन् दात पाडतो. समदी येडी. बाईंनी सांगितलं, कुशीवर वळवा, डोस्क्याखाली मऊ काय तरी ठेवा, घड्याळ बघा, बाकी काय करू नका. आता ते गावाला कसं जमावं? काय करू नका म्हणलं की आमच्या गावाचा जीव जातो.

पण पल्लवी पडायची न्हाई. बोलता बोलता गप व्हायची. डोळं उघडं, पण आत कोणच न्हाई. तोंडानं मचमच करायची, पान खाल्ल्यागत, आन् उजव्या हातानं ओढणीचं टोक चोळत बसायची. मिनिटभर. मग परत ताळ्यावर — 'काय म्हणत व्हतासा, आप्पा?' चौदा वर्सांची व्हती तवा सुरू झालं. आता तुमीच सांगा, असल्याला कोण दुखणं म्हणंल? मी खोड्या काढणारा माणूस, माझी पोरगी खोडी काढती असंच मला वाटणार. मी म्हणलं, बेनं बापावर गेलं. काम सांगितलं की सोंग घेतंय. भाकऱ्या थापायच्या असल्या की गप. पावणं आलं की गप. झाक सोंग, मला तर अभिमान वाटायचा.

अंजना म्हणायची, माझी मंडळी, आता न्हाई ती. म्हणायची, आवं पोरीचं काय तरी बिघडलंय, दाखवू. मी म्हणायचो, दाखवू की, तमाशात दाखवू. लय हसलो त्येच्यावर. ती न्हाई हसली.

मग कसं कळलं? परक्या बाईनं सांगितलं, घरातल्यानं न्हाई. शिलाईच्या क्लासला जात व्हती पल्लवी विट्याला, तिथल्या मॅडमनी दोनदा बघितलं आन् मोबाईलवर फिल्लम काढली. ती फिल्लम हितं दावली तर बाईंनी एकदाच बघितली आन् मला इचारलं, किती वर्सं व्हतंय हे? मी बोटं मोजाया लागलो. सत्ताविसाव्या वर्षी पयली गोळी सुरू झाली. तुमीच काढा हिशोब.

पयल्या गोळीनं थोडं बसलं, थोडं ऱ्हायलं. आठ-नऊ वेळा तरी यायचा महिन्याला, कॅलेंडरवर फुल्या मारायच्या आमी. आन् मग ही जोडीची आली. आमचा जयराज, त्यो औषधं इकतो गावात, त्यो म्हणला आप्पासो, जोडीच्या गोळ्यांनी काळीज खराब व्हतं, त्यापरीस काढा घ्या. बारावीला तीनदा बसला त्यो, काळीज कुठं असतंय त्येला ठावं न्हाई. मी म्हणलं तू काढा पी आन् झोप. दिली गोळी. आन् काय झालं? पयल्या महिन्यात तीन फुल्या. दुसऱ्यात एक. मग दोन महिनं कॅलेंडर कोरं. कोरं म्हंजे नुसतं दूधवाल्याचं खाडं तेवढं लिवल्यालं. टिकलीवाली गोवरी निघाली माझी पोरगी.

तर येतो गुण. झालं का समाधान? जावा आता, द्या बायकोला. — न्हाई, थांबा. तरास न्हाई इचारला तुमी. इचारला? मग त्येचं उत्तर ऱ्हायलंच की.

महिनाभरानं पोरगी बोलाया लागली. म्हंजे आधी बोलत न्हवती असं न्हाई, पण हूं-हूं. मी टिंगल करायचो, ती खाली मान घालून शिलाई मारायची. आता मान वर. चहा गार का हाय म्हणलं तर म्हणली, उठून गरम करा, पाय हायत तुमाला. मी म्हणलं, आली, बाईंनी सांगितलेली चिडचिड आली. मग एक दिस बिरदेवच्या हॉटेलात मी बसलेलो, चार टाळकी जमलेली, पल्लवी चहाची पावडर न्यायला आली. आन् मी हसता हसता तिच्याकडं बघून तोंड — न्हाई, ते जाऊ द्या. तर समद्यांच्या देखत मला म्हणली, आप्पा, तेरा वर्सं माझी नक्कल करून लोकांचा चहा पिलासा, आता बंद करा. मी काय करत व्हतो ते मला कळत न्हवतं, तुमाला तर कळत व्हतं. — असं म्हणली. आन् गेली. बिरदेव कप इसळाया लागला, इसळल्यालाच कप.

तशी करायचो मी नक्कल. काय झालं? तोंडानं मचमच, हातात टावेलचं टोक, डोळं असं. लोक पोट धरून हसायची. कुणी पावणं आलं की बिरदेवच म्हणायचा, आप्पासो, पल्लवीचं करा की जरा. आन् मी करायचो. मी काय मुद्दाम — मला वाटलं सोंगाचं सोंग करतोय, त्यात काय पाप? आमच्या घरात आमी एकमेकाची मस्करी करतो. असं बघू नका माझ्याकडं. तुमी साताऱ्याचे, तुमच्यातबी काय समदे साधू न्हाईत.

तर मी ठरवलं, ही पल्लवी न्हवं, ही गोळी बोलती. बाईंना फोन लावला. त्या म्हणल्या, गोळीनं असंल, नसंलबी, पल्लवीला घेऊन या, तिच्याशीच बोलते, पण तुमच्या मनानं बंद करू नका, एकदम तर आजाबात न्हाई. झालं, परत बघू या. मला काय, मी माझी तपासणी केली. त्यांच्याच रीतीनं. कुणाला कुठली दिली ते ठावं असू नये असं शास्त्र हाय न्हवं? देणाऱ्याला तेवढं ठावं व्हतं, हितं जरा चुकलं.

आवं, पल्लवीची सात खणांची डबी हाय, सोमवार मंगळवार लिवल्याली. रविवारी ती डबी मीच भरतो. तिनंच काम दिलंय मला, म्हणली, आप्पा, तेवढं तरी करा. आन् मला गुडघ्यासाठी हाडाच्या गोळ्या हायत, कॅल्शियमच्या. पांढऱ्या, लांबट, त्याच आकाराच्या. शेजारी शेजारी ठेवल्या तर जयराजलाबी वळखू येणार न्हाईत. पयली गोळी तशीच ठेवली, मी येडा न्हाई. जोडीची तेवढी काढली, त्या जागी हाडाची. सकाळची बी, रातची बी. हसताय का? नका हसू, पण हाय का न्हाई नामी? एवढ्या बारीक डोस्क्याची खोडी मी उभ्या हयातीत केली न्हाई.

आन् वाट बघत बसलो. म्हणलं आता निवळंल. चार दिस गेले. पाचव्या दिशी म्हणली, आप्पा, आईनं सांगितलं व्हतं न्हवं तुमाला, दाखवू म्हणून? तिचं तरी का न्हाई ऐकलासा? — हाडाची गोळी खाऊन म्हणली हे. आठवड्यानं म्हणली, माझं लगीन मोडलं तवाबी तुमी हसतच व्हतासा. हाडाची गोळी खाऊन. मी दुसऱ्या रविवारी डबी भरताना परत बघितलं, चुकून खरी तर न्हाई ना पडली. न्हाई. सात खणांत चौदा हाडाच्या. राग तसाच. एक गुंजभर कमी न्हाई.

मग? मग काय, कळलं की. गोळी न्हवतीच बोलत.

तवाच बदलाया पायजे व्हती परत, असं म्हणताय. तोंडानं न्हाई म्हणत, पण डोळ्यानं म्हणताय. आवं, मला वाटलं आणखी चार दिस बघू — बघा, मी बी बघू या म्हणाया लागलो. नवव्या दिशी जेवताना घास हातात धरून गप झाली व्हती. मिनिटभर. मी फुली न्हाई मारली. म्हणलं इचार करत असंल. सोळाव्या दिशी परत. मी उठून भाईर गेलो. आन् सतराव्या दिशी इस्त्री करत व्हती, बिरदेवच्या सुनेचा ब्लाउज. मी दारात, पाठमोरा. वास आला. मला वाटलं कापड जळलं. म्हणलं, पल्लवे, लक्ष कुठं हाय तुजं. काय बोलंना. वळून बघितलं तर उभी. डावा हात इस्त्रीखाली, उजव्या हातानं ओढणीचं टोक चोळतीय. तोंडानं मचमच. कळलंच न्हाई तिला. कळून ओरडली ती नंतर, मी हात वडून काढल्यावर. लय नंतर वाटलं मला, पण मिनिटभरच असंल.

त्याच दिशी डबी ओतली मी. खऱ्या भरल्या परत. सहा दिस झाले. आता एकबी न्हाई आला, सहा दिसांत. लागू हाय गोळी, पाव्हणं, चांगली लागू हाय. तुमी द्याच.

मग आता आत काय चाललंय? तेच तर सांगतूय. पल्लवीनं सांगितलं बाईंना, परत आले झटके, हात भाजला, मी एकबी गोळी चुकवली न्हाई. खरंच हाय तिचं, तिनं न्हाई चुकवली. मग बाई माझ्याकडं वळल्या. म्हणल्या, आप्पासो, डबी तुमी भरता न्हवं? खंड पडला का मधी? मी म्हणलं, बाई, डबी एकदाबी रिकामी न्हवती. — शब्द बघा कसा टाकला. खोटं न्हाई, खोड काढाया जागा न्हाई. जरा हसलोबी. मग बाई म्हणल्या, म्हंजे ही जोडीची गोळी चालंना झाली. काढू या हिला हळूहळू, तिसरी सुरू करू. तिसरी लय सावकाश वाढवायची, अंगावर पुरळ आलं तर त्याच दिशी दवाखाना गाठायचा, जिवावर बेतू शकतं. आन् पल्लवी म्हणली, दुसरीनं बरं वाटलं व्हतं वो मला. चार महिनं बरं वाटलं व्हतं. मला वाटलं सुटले. — असं म्हणून रडली. गोळी बंद करू नका म्हणून रडणारं माणूस बघितलंय का कवा तुमी? मग मला म्हणली, आप्पा, तुमी भाईर बसा.

म्हणून हितं बसलोय. पंख्याखाली.

आता सांगितलं तर काय व्हईल? डबी माझ्या हातातनं जाईल. तेवढंच एक काम दिलंय तिनं मला. बोलंल का परत माझ्याशी? रागानं बोलती ती तरी बोलती न्हवं. हे ऐकल्यावर ते बी — आन् न्हाई सांगितलं तर? न्हाई सांगितलं तर चालणारी गोळी जाईल आन् न चालणारी येईल, आन् तिसरीबी न्हाई चालली तर चौथी. बाईंच्या गोवऱ्यांत टिकली लावल्याली पोरगी मी उचलून कायच गुण नसल्याल्यांत नेऊन ठेवली. पुरळ आलं म्हंजे — आन् बाई लिवत्यात आता. बारीक अक्षर हाय त्यांचं, येळ लागतो.

का उठलासा? तुमच्या मालकिणीला येळ हाय अजून, वायरी काढाया अर्धा तास लागतो. — पाव्हणं, तिकडं कुठं? ते दार बाईंचं हाय. मुतारी मागल्या अंगाला. — न्हाई, तुमी न्हाई सांगायचं. तुमचा काय संबंध. मी आपलं बोलत बसलो म्हणून तुमी — सोडा ती कडी. सोडा म्हणतो न्हवं. मी काय बहिरा न्हाई, मला कळतंय तुमी काय म्हणताय ते. बसा तुमी जागेवर. आन् तुमच्या बायकोची डबी तिची तिला भरू द्या, तुमी हात लावू नका, तुमचंबी तोंड मला लय भरवशाचं वाटत न्हाई. सरका. पाय घ्या.

बाई — बाई, जरा पेन थांबवा. ती गोळी लागू हाय. मीच काढली व्हती, सतरा दिस, माझ्या हाडाच्या गोळ्या भरल्या डबीत. — न्हाई बाई. थट्टा न्हाई. आवं हसत न्हाई मी, तोंडच तसं हाय माझं. पल्लवे, तू सांग त्यास्नी. आप्पा सोंग करतोय का खरं बोलतोय, तुला तरी वळखू येईल.

सांग की.